मोह झाला म्हणून देव दुरावत नाही

“टीचर, मी जपमाळ म्हणणं बंद केलंय.”

उपवासकाळातला दुसरा रविवार होता. धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला होता, मुलं चर्चच्या आवारात पांगली होती आणि दहावीतली एक मुलगी मागे थांबली होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर, डोळे जागरणाने तारवटलेले. म्हणाली, “माळ हातात घेतली की नको नको ते मनात येतं. कुणाचा तरी राग येतो, मोबाइलवर पाहिलेलं आठवतं. राखेच्या बुधवारपासून तर जास्तच. घरचे म्हणतात, मन शुद्ध नसेल तर माळेला हात लावू नये.”

वसईत धर्मशिक्षण देताना दर उपवासकाळात मी हे कुणाकडून तरी ऐकते. कधी शाळकरी मुलांकडून, कधी पाप निवेदनाच्या रांगेत उभ्या असलेल्या आजींकडून. मोह झाला म्हणजे पाप झालं, आणि पाप झालं म्हणजे देव दूर गेला, हा तो समज. ‘मनात वाईट आलं, सैतान शिरला’ असं लेकरांना सांगणाऱ्या मोठ्या माणसांचा मला राग येतो. देवाच्या नावाने आपण त्यांची प्रार्थनाच तोडतो.

आता शुभवर्तमान काय सांगतं ते पाहू. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी एकच प्रसंग वाचला जातो, एका वर्षी मत्तयचा, पुढच्या वर्षी मार्कचा, त्यापुढे लूकचा: अरण्यात येशूची झालेली परीक्षा. हा प्रसंग कधी घडतो? यार्देन नदीत बाप्तिस्मा झाल्यावर लगेच. ‘हा माझा प्रिय पुत्र’ अशा अर्थाची आकाशवाणी झालेली आहे, आणि त्यानंतर पवित्र आत्माच येशूला अरण्यात नेतो. मार्कने वापरलेलं ग्रीक क्रियापद तर अक्षरशः ‘बाहेर घालवलं’ अशा अर्थाचं आहे. म्हणजे मोह आला तो देवाच्या सर्वांत जवळ असलेल्या क्षणानंतर. मोह होणं हेच पाप असेल, तर या प्रसंगाचा अर्थ काय लावायचा? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात स्पष्टच आहे की सर्व बाबतींत येशूची आपल्यासारखीच परीक्षा झाली, पण पाप घडलं नाही. एकाच वाक्यात दोन्ही गोष्टी आहेत, आणि आपण नेमकं ते वाक्य विसरतो.

या गोंधळाचं एक कारण आपल्या भाषेतही आहे. मूळ ग्रीक शब्द ‘पैरास्मोस’. त्याचा अर्थ परीक्षा आणि मोह, दोन्ही. म्हणूनच प्रभूच्या प्रार्थनेत आपण कॅथलिक लोक ‘मोह’ म्हणतो, तर प्रॉटेस्टंट मंडळींच्या बायबलमध्ये ‘परीक्षा’ आढळते. पण मराठी कानाला ‘मोह’ हा शब्द षड्रिपूंमुळे ओळखीचा. काम, क्रोध, लोभ यांच्या पंगतीत बसलेला मोह हा स्वतःच शत्रू, स्वतःच दोष. तो अर्थ नकळत प्रार्थनेत येऊन बसला. खरं तर रोजच्या बोलण्यात आपण हा फरक अचूक पाळतो. दुकानात साडी पाहिली, मोह झाला, पण आवरला. किंवा आवरला नाही, मोहाला बळी पडले. मोह होणं वेगळं, बळी पडणं वेगळं. त्या मुलीला मी आधी हेच विचारलं, “बोर्डाचा पेपर हातात पडला म्हणजे नापास झालीस का?”

हे माझं मत म्हणून सांगत नाही. ट्रेंट धर्मसभेने 1546 साली ठरवून टाकलं की बाप्तिस्म्यानंतर माणसात उरलेली वाईटाकडची ओढ हे स्वतः पाप नव्हे; ती पापातून येते आणि पापाकडे खेचते, एवढंच. प्रॉटेस्टंट परंपरा या ओढीकडे अधिक कठोरपणे पाहते, पण अरण्यातल्या येशूला मोह झाला आणि तो निष्पाप राहिला हे तीही मानते. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या परिच्छेद 2847 मध्ये मोह होणं आणि मोहाला संमती देणं यांत फरक करायला शिका, असं सांगितलं आहे. गंभीर पापासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर हवी, ती तशी असल्याची पूर्ण जाणीव हवी आणि जाणूनबुजून दिलेला होकार हवा. जपमाळ म्हणताना अचानक डोकावून गेलेल्या विचारात होकार कुठे आहे?

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला एवाग्रियस नावाचा साधू याबाबत फार नेमका होता. विचार मनात येणं-न येणं आपल्या हातात नाही. त्याला मुक्कामाला ठेवायचं की नाही हे आपल्या हातात आहे, अशी त्याची शिकवण. विचारांचे त्याने आठ प्रकार केले आणि प्रत्येक विचाराला उत्तर म्हणून बायबलमधली एकूण जवळपास 500 वचनं एका ग्रंथात गोळा केली. ही पद्धत त्याने उचलली ती अरण्यातल्या येशूकडूनच. सैतान तीनदा बोलतो, एकदा तर स्तोत्रसंहितेचा आधार घेऊन. येशू वाद घालत नाही. तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं छोटं वचन, आणि विषय संपला.

आता दुसरी बाजू, कारण ‘मोह म्हणजे पाप नाही’ याचा सोयीस्कर अर्थही लावला जातो. पश्चात्तापाच्या प्रार्थनेत आपण पापाचे प्रसंग टाळण्याचं वचन देतो. रात्री एकला मोबाइल उशाशी घेऊन, काय समोर येणार आहे ते ठाऊक असताना बोट फिरवत राहायचं आणि सकाळी ‘मोह झाला’ म्हणायचं, हे चालणार नाही. तिथे होकार आधीच दिलेला असतो. मुलीला म्हटलं, फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव. एवढ्या साध्या गोष्टीनेही पुष्कळ फरक पडतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘उपवासकाळ म्हणजे चाळीस दिवस मटण बंद’: चर्चच्या सर्वसाधारण कायद्यात उपवास फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला आहे, मांसवर्जन त्या दोन दिवशी आणि शुक्रवारी, बाकी त्याग स्वेच्छेने. ‘चाळीस दिवस मोजले तर जुळत नाहीत’: राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस भरतात, पण त्यातले सहा रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचे म्हणून उपवासात धरत नाहीत. ‘हा सुतकाचा काळ आहे’: मुळात हा ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीचा काळ, 325 सालच्या निकाया धर्मसभेच्या नियमांत ‘चाळीस’चा उल्लेख सापडतो. ‘मी गोड सोडलंय, झालं माझं’: मत्तयच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास एकत्र येतात. वाचलेले पैसे डब्यातच राहिले आणि शेजारची विधवा उपाशीच राहिली, तर यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातला देव अशा उपवासाकडे पाहतही नाही.

आणि एक गैरसमज त्या मुलीनेच जाता जाता बोलून दाखवला. “पण टीचर, मी दहा दिवस माळ म्हटली नाही. माझा उपवासकाळ मोडला ना?”

शुक्रवारी आपण क्रूसाची वाट करतो. चौदा स्थानांपैकी तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानावर येशू पडतो. शुभवर्तमानात हे पडणं लिहिलेलं नाही. शतकानुशतकं ही वाट चालणाऱ्या भाविकांनी ते जपलं आहे. नवव्या स्थानाची प्रार्थना त्या आठवड्याच्या शुक्रवारी कुणी वाचायची हे ठरलं नव्हतं. मी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि पान उघडून दाखवलं.