आलेले पत्र आणि राहिलेले काम



व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, इतिहासावर, अर्थकारणावर व्याख्याने होतात. त्या मानाने माझा विषय अगदीच कारकुनी आहे. ई-मेलच्या पेटीत पडणाऱ्या पत्रांतून करावयाची कामे वेगळी कशी काढावीत, आणि त्यासाठी ब्राउझरला जोडावयाची जी छोटी साधने मिळतात त्यांचा उपयोग कसा करावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी संगणकशास्त्र शिकलेला नाही. कामगार संघटनेचे दप्तर सांभाळताना, चुका करीत करीत, जे ध्यानात आले ते आपल्यापुढे ठेवतो.

त्यातली मोठी चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एका कामगाराने आपल्या भविष्य निर्वाह निधीची माहिती मागितली. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आम्हीच लिहून दिला आणि उत्तरासाठी संघटनेचा ई-मेल पत्ता घातला. उत्तर आले, पण अपुरे. ते मी बसस्थानकावर उभ्या उभ्या मोबाइलवर वाचले, 'संध्याकाळी पाहू' असे म्हटले आणि गाडीत चढलो. २००५ च्या कायद्याप्रमाणे उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिले अपील करावे लागते. ते पत्र मला पुन्हा दिसले तेव्हा मुदत उलटून गेली होती. पुरेसे कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो, हे खरे. परंतु 'पत्र खाली गेले' हे कारण कोणत्या तोंडाने लिहावे? तो कामगार रागावला नाही. 'भाऊ, मग आता काय?' एवढेच त्याने विचारले. त्या प्रश्नापायी मी हा विषय शिकलो.

पत्र हरवले नव्हते, हे लक्षात घ्या. ते पेटीतच होते. पण एकदा उघडल्यामुळे त्याची ठळक अक्षरे साधी झाली, आणि नव्या पत्रांनी त्याला खाली ढकलले. पेटी 'वाचले' आणि 'न वाचले' एवढाच भेद आपणहून करते. आपल्याला हवा असतो तो 'झाले' आणि 'राहिले' हा भेद. सारा घोटाळा येथे आहे.

याचे कारण इतिहासात आहे. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाळ्यामार्फत पत्र पाठविले, तेव्हा ते केवळ निरोपाचे साधन होते. पुढे लोक त्याच पेटीला टाचणवही, कपाट आणि दिनदर्शिका मानू लागले. व्हिटेकर आणि सिडनर या संशोधकांनी १९९६ मध्येच ही ओढाताण आपल्या निबंधात दाखवून दिली होती. त्या काळी पेटीत जागा थोडी असे, त्यामुळे पत्रे निवडून काढून टाकावी लागत. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले ते १ गिगाबाइटची जागा घेऊन. काढून टाकण्याची सक्ती संपली, आणि तिच्याबरोबर निवाडा करण्याची सवयही गेली. पेटीचे गोदाम झाले.

आता आपल्याकडचा अनुभव पाहू. कागदाचे गोदाम कसे आवरावे, हे महाराष्ट्रातील कचेऱ्यांना नवे नाही. आवक-जावक नोंदवही आपण सर्वांनी पाहिली आहे. लिपिकाकडे कार्यविवरण नोंदवही असते. आलेल्या कागदाचे पुढे काय झाले ते तीत लिहावयाचे. अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात कचेरीची आणि कागदपत्रांची जी फेरमांडणी केली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून गाजली. सरकारी कचेऱ्यांतील सहा गठ्ठा पद्धतही अशीच. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद, असे सहा गठ्ठे. टेबलावरचा प्रत्येक कागद यांपैकी कोणत्या तरी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे.

ई-मेलसाठी याहून शहाणी पद्धत मला अद्याप सापडलेली नाही. जीमेलमध्ये पत्राला 'लेबल', म्हणजे चिठ्ठी, लावता येते. सहा गठ्ठ्यांच्या सहा चिठ्ठ्या करा. अर्धे काम तेथेच होते, आणि ते फुकट होते.

उरलेल्या अर्ध्या कामासाठी जोडसाधने. इंग्रजीत ज्याला एक्स्टेन्शन म्हणतात, तो ब्राउझरमध्ये बसविलेला एक छोटा कार्यक्रम असतो. आपण पेटीचे पान उघडले की तो त्या पानावर आपली बटणे आणि रकाने मांडतो. घराच्या भिंतीवर आपण फळी ठोकावी, तसेच हे. पत्रे जेथे होती तेथेच राहतात. फळीवर त्यांची मांडणी होते. २०१० साली आलेले बूमरँग हे साधन, ठरविलेल्या दिवशी पत्र पुन्हा वर आणून ठेवते, आणि आपल्या पत्राला उत्तर आले नाही तर आठवण करते. सॉर्टेड हे साधन पेटीचे रकाने पाडते. पत्र एका रकान्यातून उचलून दुसऱ्यात ठेवावयाचे. टुडुइस्टचे जोडसाधन पत्रावरून कामाची नोंद करते आणि नोंदीला ते पत्र बांधून ठेवते. यांतील काही सोयी २०१८ पासून जीमेलमध्येच आल्या आहेत. पत्र ठरावीक दिवसापर्यंत दृष्टीआड करणारे 'स्नूझ' आणि बाजूच्या पट्टीतील कामांची यादी. म्हणून माझा सल्ला असा की, घरचे आधी वापरावे आणि कमी पडेल तेव्हाच बाहेरचे आणावे.

साधन कोणतेही असो, नोंद नीट नसेल तर सारे व्यर्थ. 'निधी पत्र' ही नोंद नव्हे. 'अपील लिहून सही घेणे, १२ तारखेपर्यंत' ही नोंद झाली. कृती काय, कोणी करावयाची आणि केव्हापर्यंत, या तीन गोष्टी तीत हव्यात. मुदतीची तारीख न लिहिता तिच्या आठ दिवस आधीची लिहावी. एका पत्रात तीन कामे असतील तर तीन नोंदी कराव्यात. आणि आपल्यापैकी बहुतेकजण पेटी मोबाइलवर पाहतात, म्हणून हेही सांगतो की, संगणकाच्या ब्राउझरला जोडलेले साधन मोबाइलमधील जीमेलच्या ॲपमध्ये चालत नाही. चिठ्ठ्या मात्र दोन्हीकडे दिसतात. तेव्हा बसस्थानकावर निदान चिठ्ठी तरी लावावी.

आता सावधगिरीची गोष्ट. साधन बसविताना ते परवानगी मागते. संकेतस्थळावरील तुमची सर्व माहिती वाचण्याची आणि बदलण्याची, असा बहुधा तिचा अर्थ असतो. ती देणे म्हणजे दप्तराची किल्ली परक्याच्या हाती देणे. नको असलेल्या जाहिरातींची पत्रे थांबविणारी अनरोल-मी ही विनामूल्य सेवा, लोकांच्या पेटीतील पावत्यांवरून काढलेली माहिती, नावे वगळून का होईना, विकत होती. तिचे एक गिऱ्हाईक उबर कंपनी होती, हे २०१७ मध्ये उघड झाले. २०२४ च्या नाताळात सायबरहेवन या सुरक्षेच्याच कंपनीचा एक कर्मचारी फसव्या पत्राला भुलला आणि तिच्या जोडसाधनाची दूषित आवृत्ती ग्राहकांच्या ब्राउझरमध्ये पोहोचली. संघटनेच्या पेटीत सभासदांची नावे असतात, तक्रारी असतात, कोण कोणाविरुद्ध साक्ष देणार तेही असते. म्हणून आम्ही नियम केला: एकच साधन, तेही समितीत विचारून, आणि वापरात नसेल ते लगेच काढून टाकावयाचे.

शेवटचा मुद्दा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आज ती सुटी खिशातला मोबाइल मागच्या दाराने परत घेऊन जातो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली. आपण निदान एवढे करावे की, आठवणीची घंटा रविवारी लावू नये. नोंदवही असते ती डोक्यावरचे ओझे खाली ठेवण्यासाठी.

त्या कामगाराचे पुढे काय, असे आपण विचाराल. आम्ही नव्याने अर्ज केला, उत्तर आले त्याच दिवशी चिठ्ठी लावली, आणि अपील विसाव्या दिवशी गेले. त्याचे तेवढे महिने मात्र वाया गेले, आणि ते परत देणारे साधन कोठेही मिळत नाही.