सायकलीची बैठक

दोनशे किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ ही लांब पल्ल्याची सायकलफेरी साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करण्याच्या उमेदीने पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर या शहरांतून जे सायकलस्वार हंगामोहंगाम बाहेर पडतात, त्यांच्यापैकी अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांना कारण विचारले, तर ‘पाय चालत होते, पण बसवेना’ हे उत्तर वारंवार ऐकू येते. आणि तरीही रोड बाइक खरेदी करताना चौकट, गिअर व ब्रेक यांची आपण जितकी बारकाईने चौकशी करतो, तिच्या दशांशानेही सीटची करीत नाही. दुकानातून जे बसवून आले ते सायकलीचे जन्मजात अंग समजून निमूटपणे सोसतो. वास्तविक एक-दोन बोल्ट सैल करताच जी वस्तू बदलता येते, तिच्यापायी एखाद्याने सायकलच सोडून द्यावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुखू लागले की पहिला विचार मऊपणाचा येतो आणि जेलचे कव्हर आणले जाते. येथेच घोटाळ्याला आरंभ होतो. श्रोणीच्या तळाशी दोन आसनास्थी असून बसलेल्या मनुष्याचा भार पेलण्याचे काम निसर्गाने त्यांच्यावर सोपवले आहे. त्या दोहोंच्या मधल्या मृदु भागातून मात्र रक्तवाहिन्या व मज्जातंतू जातात आणि तेथे भार सोसण्याची कुवत नाही. अतिमऊ सीटमध्ये ही हाडे खोल रुततात आणि बाजूला सरलेला फोम मध्यभागी वर येऊन नेमका त्या नाजूक जागेवर रेटा देतो. पाव तासाच्या फेरफटक्यात हे उमगत नाही. दोन-तीन तासांनी मुंग्या येतात, मग बधिरता येते. तिच्याकडे काणाडोळा मुळीच करू नये, आणि सीट व तिची मांडणी बदलूनही ती हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवण्यात हयगय करू नये. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या विषयाची अमेरिकेत बरीच वाच्यता झाली आणि मध्यभागी खाच किंवा आरपार पोकळी ठेवलेल्या सीटांचा प्रसार त्यानंतर झपाट्याने झाला.

भार हाडांवरच यावा, तर हाडांमधील अंतर माहीत हवे, आणि ते मोजण्याची तजवीज घरच्या घरी होते. लाकडी स्टुलावर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेवून, पातळ कपड्यांनिशी त्यावर बसावे, पाय किंचित उंचावर टेकवून कमरेतून पुढे झुकावे व मिनिटभर स्थिर राहावे. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. न दिसल्यास खडू आडवा धरून हलकेच घासावा, म्हणजे खोलगट जागा कोऱ्या राहून उठून दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर बहुधा १०० ते १४० मिलिमीटर भरते. त्यात २० ते ३० मिलिमीटर मिळवले की सीटच्या मागील रुंदीचा अदमास येतो. कोणाचे अंतर ११५ भरले, तर १४० च्या आसपासचे सीट प्रथम पाहावे. देहाच्या स्थूलतेवरून हे अंतर ताडता येत नाही. स्त्रियांमध्ये ते सरासरीने काहीसे अधिक असते, परंतु प्रत्येकीने आपले स्वतंत्र मोजणेच इष्ट. शिवाय ही हाडे पुढच्या बाजूला एकमेकींकडे निमुळती होत जात असल्याने, हँडलवर खोल वाकून सायकल हाकणाऱ्यास अरुंद आणि ताठ बसणाऱ्यास रुंद सीट मानवते.

चामड्याच्या सीटचा मार्ग निराळा आहे. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ साली चामडी वस्तूंचा धंदा मांडला; पुढे त्यांचा घोडा मेला, उसनी सायकल वापरावी लागली आणि तिच्या बैठकीने ते हैराण झाले, अशी कथा सांगतात. १८८२ साली त्यांनी सीटचे पेटंट घेतले, हे मात्र दप्तरी नमूद आहे. त्यांच्या घराण्यातील बी-१७ हा नमुना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजतागायत निघतो. त्यात गादी अशी नसतेच. जाड चामडे पुढच्या व मागच्या टोकाला रिव्हेटांनी जखडून नवारीच्या बाजेप्रमाणे ताणलेले असते, आणि शेकडो किलोमीटरांच्या वापराने स्वाराच्या हाडांखाली ते हळूहळू दबत जाते. त्या दीर्घ सहवासानंतरचे सुख मोठे आहे यात शंका नाही. परंतु भिजलेले चामडे ताण सोडते, आणि कोकणच्या पावसात ज्याला सायकल चालवायची आहे, त्याने प्लॅस्टिकच्या टणक पाठीवर पातळ फोम असलेले, मधोमध पोकळी ठेवलेले सीट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सीटखालच्या दांड्या पोलादी असल्या तरी चालते. कार्बनच्या दांड्यांनी वजन थोडे घटते, आरामात म्हणावी तशी भर पडत नाही.

सीटचा दोष ठरवण्यापूर्वी उंचीची खातरजमा करावी. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, मांड्यांच्या मध्ये जाड पुस्तक घट्ट वर सरकवावे व त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे. फ्रान्सची विख्यात शर्यत जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने रूढ झालेल्या सूत्रानुसार त्या अंतराला ०.८८३ ने गुणले, म्हणजे पॅडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते; ८० सेंटिमीटरला ती सुमारे ७०.६ येते. हा केवळ आरंभबिंदू होय. सीट गरजेपेक्षा उंच असले, की प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि त्या घर्षणाने कातडी सोलवटते. पाणसळ ठेवून सीट प्रथम समतल करावे. टोक वर उचललेले असल्यास मधल्या भागावर दाब येतो आणि फार खाली झुकवल्यास अंग पुढे घसरून सारा भार मनगटांवर पडतो. फेरफार एका वेळी एकच करावा, तोही दोन-तीन मिलिमीटरांचा, आणि सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण ठेवावी, म्हणजे पूर्वस्थितीवर येता येते.

नव्या सीटची पारख गादी शिवलेल्या सायकलिंगच्या चड्डीतच करावी आणि तिच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालू नये, कारण त्याच्या शिवणी घामाने ओल्या झाल्या की कातडीला काचतात. पहिल्या काही फेऱ्यांत हाडांच्या ठिकाणी जाणवणारा ठणका बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत मावळतो, तोवर धीर धरावा. मधल्या भागातील बधिरता मात्र पहिल्याच दिवशी जाणवली आणि कल किंवा उंची बदलूनही राहिली, तर ते सीट दुकानदाराला परत करावे, आणि तशी मुभा आहे की नाही हे पैसे मोजण्यापूर्वीच विचारून ठेवावे.