मुंबईच्या उपनगरात उतरलात तर काय पाहाल?

मुंबईस जाण्याचे प्रसंग आपल्या माणसांच्या आयुष्यात वारंवार येतात. कोणाच्या मुलाची मुलाखत असते, कोणाचे लग्नकार्य असते, कोणाला दवाखान्यासाठी जावे लागते, तर कोणाला खात्यामार्फत प्रशिक्षणास बोलावले जाते. पूर्वी असा मनुष्य परळ-दादरला नातेवाईकाच्या खोलीत पथारी टाकीत असे. आता ते नातेवाईकच विरार-बदलापूरकडे राहावयास गेले. कार्यालये आणि मोठी इस्पितळेही उपनगरांत आली. त्यामुळे आपला मुक्काम अंधेरी, गोरेगाव किंवा बोरिवलीच्या एखाद्या बेताच्या हॉटेलात पडतो. कामाच्या मध्ये एखादा दिवस मोकळा मिळतो. त्या दिवसाचे काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. एके काळी आम्हांसही तो तसाच वाटत होता.

सन २००८ मध्ये आम्ही वडिलांना डोळे दाखविण्यासाठी जळगाव जिल्ह्यातून मुंबईस घेऊन गेलो. अंधेरी पूर्वेला एका हॉटेलात उतरलो. डॉक्टरांनी तपासून एक दिवस सोडून परत बोलाविले. मधल्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, "अरे, आपली लेणी इथंच कुठंतरी हायेत ना?" आम्ही काउंटरवरील गृहस्थास विचारले. तो म्हणाला, "इथे पाहण्यासारखे काही नाही. गेट वे ऑफ इंडियाला जा." आम्ही बी.ए.ला इतिहास घेऊन उत्तीर्ण झालेलो. पण आम्हांसही अधिक माहिती नव्हती. सकाळी नऊच्या चर्चगेट लोकलमध्ये वडिलांना घेऊन शिरलो. गर्दीत त्यांची एक चप्पल गेली. गेट वेसमोर उन्हात तासभर बसलो आणि संध्याकाळी पुन्हा तशाच गर्दीतून परतलो. वडील काही बोलले नाहीत. सन २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे २०१३ साली बँकेच्या प्रशिक्षणासाठी आम्ही त्याच भागात गेलो. अंधेरी स्थानकाबाहेर एका बसच्या पाटीवर 'महाकाली गुंफा' ही अक्षरे वाचली. चौकशी केली, तेव्हा कळले की वडिलांना घेऊन ज्या हॉटेलात आम्ही उतरलो होतो, तेथून ही बौद्ध लेणी रिक्षाने वीस मिनिटांच्या अंतरावर होती. आमच्यासारखी चूक दुसऱ्या कोणाकडून होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

उपनगर हे शहराहून जुने

मुंबई पाहणे म्हणजे गेट वे, चौपाटी आणि राणीचा बाग, ही आपली समजूत. गेट वे ऑफ इंडिया बांधून पूर्ण झाला तो १९२४ साली. ज्या सात बेटांवर हे दक्षिणेकडील शहर इंग्रजांच्या काळात वाढले, त्यांच्या उत्तरेस साष्टी हे मोठे बेट होते. आजची वांद्र्यापासून दहिसरपर्यंतची उपनगरे याच साष्टीवर वसली आहेत. साष्टीच्या एका अंगास सोपारा व दुसऱ्या अंगास कल्याण ही प्राचीन बंदरे होती. बंदरांतून व्यापारी येत-जात आणि त्यांच्या दानातून डोंगरांत विहार कोरले जात. म्हणूनच मुंबईतील सर्वांत जुन्या वास्तू कुलाब्यास नसून अंधेरी-बोरिवलीस आहेत. उपनगरात उतरलेला पाहुणा खऱ्या अर्थाने जुन्या मुंबईत उतरलेला असतो. मात्र हे त्यास कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट गर्दीची. पश्चिम रेल्वेवर सकाळी लोंढा चर्चगेटकडे जातो व सायंकाळी विरारकडे परततो. सकाळी अंधेरीहून बोरिवलीकडे जाणाऱ्या गाडीत बहुधा बसावयास जागा मिळते. तेव्हा सकाळी उत्तरेस जावे आणि दुपार कलण्यापूर्वी परत फिरावे. म्हातारी माणसे व लहान मुले बरोबर असतील, तर हा नियम अवश्य पाळावा.

अर्ध्या दिवसाची सहल : महाकाली लेणी

अंधेरी पूर्वेस महाकाली लेणी आहेत. यांचे जुने नाव कोंडिवटे लेणी. अंधेरी स्थानकावरून रिक्षा अथवा बेस्टची बस मिळते. येथे एकूण १९ लेणी असून ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून सहाव्या शतकापर्यंत कोरली गेली. त्यांपैकी नवव्या क्रमांकाचे लेणे नीट पाहावे. त्यात आत गोल खोली कोरून तिच्यात स्तूप ठेवला आहे आणि खोलीच्या भिंतीस दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. गवताने शाकारलेल्या गोल झोपडीची ती दगडातील प्रतिकृती होय. बिहारमधील बराबर डोंगरात अशोककालीन लेण्यांत अशी रचना आढळते. महाराष्ट्रात ती अगदी विरळा. दोन-तीन तासांत सर्व पाहून होते. सभोवती इमारतींची दाटी आहे, परंतु लेण्यांच्या आवारात आल्यावर शांतता लाभते.

पूर्ण दिवसाची सहल : कान्हेरी

ज्यांच्या हाती एकच दिवस आहे, त्यांनी तो कान्हेरीस द्यावा. बोरिवली पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहून अधिक असून मुंबईस पाणी देणारे तुळशी व विहार हे तलाव त्याच्याच हद्दीत येतात. स्थानकापासून उद्यानाचे प्रवेशद्वार चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तेथून लेणी सहा-सात किलोमीटर आत असून उद्यानाच्या बसने जाता येते. उद्यानाचे तिकीट वेगळे व लेण्यांचे वेगळे काढावे लागते. सोमवारी बंद असते, हे विसरू नये.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. या एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. सुमारे एक हजार वर्षे येथे भिक्खुसंघ नांदला. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे हे मोठे चैत्यगृह असून त्यातील शिलालेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचा उल्लेख येतो. आत ३४ खांब व मध्यभागी स्तूप आहे. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांस वीस फुटांहून उंच अशा उभ्या बुद्धमूर्ती आहेत. त्या पुढील काळात कोरल्या गेल्या. अकराव्या लेण्यास दरबार म्हणतात. त्यात समोरासमोर दोन लांब दगडी बाके आहेत. एक्केचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे.

परंतु केवळ मूर्ती पाहून परतू नये. प्रत्येक विहारापाशी पाण्याचे टाके आहे. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळींनी त्या टाक्यांत उतरविले आहे. विहिरी नाहीत, नदी नाही, तरी शेकडो माणसे येथे वर्षभर राहत होती, ती या योजनेच्या बळावर. पलीकडे थेरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत.

येथील शिलालेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, सोनार व लोहार आहेत, भिक्खुणी आहेत आणि घरसंसार करणाऱ्या स्त्रियाही आहेत. काही लेखांत 'अक्षयनीवी' हा शब्द येतो. मुद्दल कायम ठेवावयाचे आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंच्या चीवराची सोय करावयाची, असा त्याचा अर्थ. आम्ही बँकेच्या काउंटरवर रोज मुदत ठेवींच्या पावत्या लिहितो. आपल्या कामाचे मूळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर कोरलेले पाहून आम्हांस जो आनंद झाला, तो सांगता येत नाही. एका लेखातील दानात मंगळठाण गावच्या शेताचा उल्लेख आहे. ते मंगळठाण म्हणजे बोरिवलीचे मागाठाणे. आज त्या नावाचे मेट्रो स्थानक आहे. तेथेही बौद्ध लेणी होती. पण ती आता पडझड होऊन वस्तीत वेढली गेली आहेत.

आणखी एक नवल. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इसवी सन १००९ व १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे त्यात नोंदविली आहेत. म्हणजे कान्हेरी पाहावयास बाहेरून लोक येत, याला एक हजार वर्षे झाली. अर्थात आज आपण भिंतीवर नाव कोरू नये. तो आता कायद्याने गुन्हा आहे आणि पूर्वजांचा अवमानही आहे.

जाता जाता पाहण्यासारखे

जोगेश्वरी पूर्वेस सहाव्या शतकातील भव्य शैव लेणे आहे. त्याच्या डोक्यावर व भोवती वस्ती वाढली आहे. बोरिवली पश्चिमेस मंडपेश्वर आहे. हेही मूळचे शैव लेणे. पोर्तुगीजांनी त्याचे प्रार्थनामंदिर केले आणि वर मठ बांधला. त्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. दोन्ही ठिकाणी तासभर पुरतो.

नालासोपारा आणि गोराई

पश्चिम रेल्वेने विरारच्या दिशेस गेल्यावर नालासोपारा लागते. पाली साहित्यातील सुप्पारक ते हेच. येथील बुरूड राजाच्या कोटात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकलला. त्यात दगडी करंडा व त्याच्या आत एकात एक ठेवलेल्या डब्या सापडल्या. सर्वांत आतील डबी सोन्याची असून तिच्यात भिक्षापात्राचे तुकडे होते. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यासच मिळाला. तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. प्रत्यक्ष जागेवर आज विटांचा उंचवटा तेवढा दिसतो. ज्यांना भव्यता पाहावयाची आहे त्यांची येथे निराशा होईल. ज्यांना इतिहास ठाऊक आहे त्यांची होणार नाही.

गोराईस खाडीपलीकडे ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. त्याचे उद्घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. आतील विशाल दगडी घुमटाखाली एकही खांब नाही आणि तेथे सुमारे आठ हजार साधक बसू शकतात. बोरिवलीहून गोराई खाडीवर यावे आणि होडीने पलीकडे जावे. मुलांना होडीचा प्रवास फार आवडतो.

दक्षिणेकडे जावयाचेच असेल तर

दादरची चैत्यभूमी व राजगृह येथे जाण्याची इच्छा प्रत्येकाची असते आणि ती असावीच. त्यासाठी सकाळची लोकल टाळून दुपारी अकरानंतर निघावे. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, त्याची आधी चौकशी करावी. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली असून ती विमानतळावरून दादरमार्गे जाते. वृद्धांना ती सोयीची आहे. रिक्षा वांद्रे व शीव यांच्या दक्षिणेस जात नाही. पुढे टॅक्सी अथवा बस घ्यावी लागते. घारापुरीची लेणी पाहावयाची तर गेट वेवरून लाँचने सुमारे एक तास लागतो. तेथे शैव लेण्यांखेरीज दुसऱ्या टेकडीवर स्तूपाचे अवशेषही आहेत. त्यासाठी दिवस वेगळा काढावा. घारापुरीही सोमवारी बंद असते.

काही व्यावहारिक सूचना

पिण्याचे पाणी सोबत घ्यावे. कान्हेरीस माकडे हातातील डबा हिसकावून नेतात, यास्तव खाणे पिशवीत झाकून ठेवावे. पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी तिसरे व अकरावे लेणे पाहिले तरी पुरे. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, पण दगड निसरडे होतात. जंगलात बिबट्यांचा वावर आहे, म्हणून आडवाटेने जाऊ नये आणि वेळेत बाहेर पडावे. महत्त्वाचे म्हणजे, हॉटेलच्या काउंटरवर विचारून गप्प बसू नये. तो बिचारा कुठल्या तरी दुसऱ्याच गावाहून पोटासाठी आलेला असतो. त्याला तरी कोणी काय सांगितलेले असते? घरून निघतानाच मुक्कामाच्या जागेभोवती काय आहे, हे कागदावर लिहून न्यावे.

सन २०२३ च्या जानेवारीत आम्ही आईला कान्हेरीस नेले. ती तिसऱ्या लेण्यापर्यंत चढली. चैत्यगृहात तिने हात जोडले, खांबाला हात लावला आणि पायरीवर बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांना दाखवायला पाहिजे होतं." आमच्यापाशी उत्तर नव्हते.

वाचकहो, आपल्या घरातील वृद्ध माणसे मुंबईस पुन्हा पुन्हा जात नाहीत. पुढील वेळी त्यांना घेऊन उपनगरात उतराल, तेव्हा तो एक मोकळा दिवस वाया घालवू नका.