प्रगतिपुस्तकातला शेरा आणि आपली वस्ती

शाळेतून वस्तीत येणाऱ्या कागदांत एक कागद प्रगतिपुस्तकाचा. त्यावर सही करायची, सही येत नसेल तर अंगठा उठवायचा आणि मुलाच्या हाती परत द्यायचे, एवढाच आईबापांचा त्याच्याशी संबंध. आत काय लिहिले आहे ते सांगणार मुलगाच! ज्याची परीक्षा, त्याच्याच तोंडून निकाल. घरातला पहिला शिकणारा म्हणून माझे प्रगतिपुस्तक घरात मीच वाचून दाखवीत असे.

मुलांना क्रमांक लावू नयेत, एकाची दुसऱ्याशी तुलना करू नये, त्याला काय येते ते शब्दांत सांगावे, हा विचार आपल्याकडे प्रयोगशील शाळांनी रुजविला. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली 'सृजन आनंद विद्यालय' काढले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या पुढाकाराने १९८६ साली कमला निंबकर बालभवन उभे राहिले. पुढे हाच विचार २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आला आणि २०१० पासून महाराष्ट्रात 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' सुरू झाले. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, चाचणी अशा साधनांनी वर्षभर नोंद ठेवायची आणि 'विशेष प्रगती', 'आवड-छंद', 'सुधारणा आवश्यक' या रकान्यांत शब्दांनी लिहायचे.

कल्पना चांगली आहे, यात वाद नाही. पण शब्द लिहिणारा कोण, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते, बैठक क्रमांक असतो. आपल्या कितीएक पोरांना तो क्रमांकच तारून गेला. वर्गातला शेरा मात्र नाव, आडनाव, वस्ती माहीत असलेला माणूस लिहितो. 'स्वच्छतेकडे लक्ष नाही', 'पालक उदासीन', 'अनियमित' हे शेरे मुलाच्या शिकण्याविषयी काय सांगतात? ते त्याच्या घराविषयी सांगतात, आणि तेही घरात पाऊल न टाकता.

आमच्या नृसिंहवाडीत कृष्णा-पंचगंगेचे पाणी देवळातून वाहू लागले की दक्षिणद्वार सोहळ्याला भाविकांची रीघ लागते. तेच पाणी २००५, २०१९ आणि २०२१ साली शिरोळ तालुक्यात घराघरांत शिरले. अशा वेळी दप्तर भिजते, कुटुंब छावणीत जाते, आणि हजेरीपट मुलाला गैरहजर दाखवितो. त्यावरून 'अनियमित' लिहिणे सोपे. पाणी ओसरल्यावर त्याचे कोणते पाठ राहिले आणि ते कधी भरून काढणार, हे लिहायला कष्ट पडतात.

उलटी फसवणूकही आहे. तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांत फिरतात. त्यातली गोड वाक्ये उतरवली की रकाना भरतो. मुलगा 'सहभागी होतो', 'आनंदाने ऐकतो'. पण वाचता येते का? आठवीपर्यंत नापास करायचे नाही म्हणून हे चालून गेले आणि घराला खरे कळले ते नववीत. पुढे २०१९ साली केंद्राने कायदा बदलला, २०२३ साली महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही उत्तीर्ण न झालेला मुलगा आता त्याच वर्गात राहू शकतो. म्हणजे सहा-सात वर्षे शाळेने घराशी खरे बोलायचे नाही, आणि त्याची शिक्षा मुलाने भोगायची!

ज्या घरात वाचणारे कोणी नाही, तिथे प्रगती दाखवावी लागते. जूनमधली वही आणि दिवाळीआधीची वही शेजारी ठेवावी, मुलाला आईसमोर एक पान वाचायला सांगावे. अक्षर ओळखता न येणाऱ्या आईलाही अडखळणे आणि सरळ वाचणे यातला फरक कानाने कळतो. मग गुरुजींनी सांगावे, हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही, महिनाभरात करून घेतो. असे सांगितले की पुढच्या महिन्यात जाब विचारता येतो. आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी, शिकलेल्या मुलींनी त्या वेळी आईबरोबर जाऊन बसावे.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि त्यांत वंचित घटकांच्या पालकांनाही त्या प्रमाणात जागा असते. पण सभा सकाळी अकराला भरली तर आई तेव्हा दुसऱ्याच्या रानात भांगलायला गेलेली असते. आली तर दिवसाची मजुरी बुडते. ही सभा संध्याकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात, मुलांच्या वह्या मांडून का घेऊ नये?