बग्रात आणि लिपारित : एका बंडखोराच्या विविध प्रतिमा

मध्ययुगीन जॉर्जियाच्या इतिहासात चौथ्या बग्रातची कारकीर्द (१०२७-१०७२) राजसत्ता आणि सरदारसत्ता यांच्यातील संघर्षासाठी ओळखली जाते. या संघर्षातील त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी म्हणजे बाघवाशी कुळातील लिपारित, क्ल्देकारी किल्ल्याचा धनी. त्याच्याविषयी जे सांगितले जाते त्याचा बराच भाग 'मातिआने कार्तलिसा' या अनामिक वृत्तांतावर आधारलेला आहे. अकराव्या शतकातील हा वृत्तांत 'कार्तलिस त्स्खोव्रेबा' या राजवृत्तसंग्रहात समाविष्ट असून त्याची सहानुभूती राजाकडे आहे. बखरींच्या अभ्यासकाला हा पेच अपरिचित नाही. लिपारितच्या बाबतीत मात्र परभाषांतील साक्षीही उपलब्ध आहेत. त्या ताडून पाहिल्यास 'बंडखोर' ही संज्ञा कितपत टिकते, हा प्रश्न उभा राहतो.

बग्रात गादीवर आला तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता. बायझंटाइन सम्राटाकडून वडिलांचा पराभव झाल्यामुळे बालपणीची तीन वर्षे त्याने कॉन्स्टँटिनोपल येथे ओलीस म्हणून काढली होती. आता राज्याची सूत्रे आई मरियम हिच्या हाती होती. सावत्र भाऊ देमेत्रे हा गादीचा दुसरा हक्कदार. त्याची आई आल्दा हिने १०३३ मध्ये अनाकोपियाचा किल्ला बायझंटाइनांच्या हवाली केला, तेव्हापासून देमेत्रे हे साम्राज्याच्या हातातील प्यादे बनले. या काळात लिपारित राजाचाच आधारस्तंभ होता, हे विसरून चालणार नाही.

मग फूट का पडली? जॉर्जियन वृत्तांत याचे कारण तिबिलिसीच्या वेढ्यात शोधतो. १०३० च्या दशकाच्या अखेरीस हे अमीरशासित शहर जिंकण्याच्या बेतात असताना, अन्य सरदारांच्या सल्ल्याने राजाने लिपारितला न कळवताच अमीराशी तह केला. स्किलित्झेस हा बायझंटाइन इतिहासकार मात्र कौटुंबिक अपमानाची कथा सांगतो. त्याच्या मते राजाने लिपारितच्या पत्नीची मर्यादा भंग केली होती. एकाने राजकीय कारण दिले, दुसऱ्याने घरातले. दुसरे अधिक रंजक असल्याने विश्वासार्ह ठरत नाही. पण पहिल्यातही मानी सरदाराचा रोष हेच मूळ आहे. पुढे लिपारितने देमेत्रेला पुढे केले आणि सासिरेतीच्या लढाईत राजाचा पराभव केला. या लढाईत राजाच्या बाजूने ७०० वारांगियन, म्हणजे उत्तरेकडील भाडोत्री योद्धे, लढल्याचा उल्लेख आहे.

सप्टेंबर १०४८ मधील कापेत्रोनच्या लढाईत हाच लिपारित बायझंटाइनांच्या बाजूने सेल्जुकांविरुद्ध उभा होता. शनिवार आपल्याला अशुभ म्हणून तो त्या दिवशी लढाई टाळू पाहत होता, असे स्किलित्झेस नमूद करतो. शेवटी तो कैद झाला. एडेसाचा मॅथ्यू हा आर्मेनियन इतिहासकार या पराभवाचे खापर बायझंटाइनांच्याच दगाबाजीवर फोडतो. इब्न अल्-अथीरच्या अरबी इतिहासात तुघ्रिलने त्याला खंडणी न घेता मुक्त केल्याचे येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्तेपानोस ओर्बेलियन या बिशपने तर त्याला आपल्या घराण्याचा गौरवशाली पूर्वज म्हणून रंगवले. त्या गौरवामागे घराण्याचा अभिमान उघड आहे. पण राजपक्षाच्या निंदेमागचा अभिमान तितकाच उघड असूनही तो सहसा नोंदवला जात नाही.

सुटकेनंतर लिपारितचे बळ वाढले. राजा कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि सम्राटाने त्याला तीन वर्षे तेथेच अडकवून ठेवले. दरम्यान लिपारितने बालवयाच्या गिओर्गीला नामधारी राजा केले. राजाची बहीण गुरांदुख्त ही पालक झाली. लक्षणीय गोष्ट अशी की त्याने स्वतः मुकुट धारण केला नाही. बाग्रातिओनी वंशाचा राजा गादीवर हवाच, हे त्यालाही मान्य होते. यास राजवंशाविरुद्धचे बंड म्हणावे, की राजाच्या नावाने राज्य चालविण्याचा सरदारी हक्क, हे वृत्तांताच्या शब्दांवर सोपवणे धोक्याचे आहे.

१०६० च्या सुमारास त्याच्याच मांडलिकांनी त्याला पकडून बग्रातच्या स्वाधीन केले. राजाने त्याचा वध केला नाही. त्याला संन्यासदीक्षा देण्यात आली. अंतोन या नव्या नावाने तो कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि तेथेच वारला. त्याचे वंशज मात्र क्ल्देकारीत टिकून राहिले. ती जहागीर बग्रातचा नातू चौथा दावित याने ११०३ मध्ये संपुष्टात आणली.