होडीतून ड्रोन उडवताना

ईदच्या सुट्टीत किंवा लग्नसराईत कोकणातल्या एखाद्या खाडीवर गेलात, तर होडीत कुणीतरी तरुण ड्रोन काढून बसलेला दिसतो. वरून टिपलेले किनाऱ्याचे दृश्य सुंदर असते, यात शंका नाही. पण अंगणातून ड्रोन उडवणे वेगळे आणि होडीतून उडवणे वेगळे. होडी जागेवर राहत नाही, सारी अडचण तिथून सुरू होते.

हवेत सोडलेला ड्रोन उपग्रहाच्या आधाराने त्याच जागी थांबतो. होडी मात्र वाऱ्याने आणि ओहोटीने सरकत असते. चुकीच्या बाजूने सोडला तर होडीच त्याच्यावर जाऊन आदळते. म्हणून तांडेलाला इंजिन न्यूट्रलला ठेवायला सांगावे, होडी कुठे वाहते ते मिनिटभर पाहावे आणि उलट बाजूने ड्रोन सोडावा. छप्पर, डोलकाठी आणि दोऱ्या यांपासून तो दूर हवा.

होकायंत्राची जुळणी जमिनीवर, लोखंडापासून लांब करून घ्यावी. डुलत्या फळीवर ठेवलेला ड्रोन कधी उडायलाच नकार देतो, कधी कलंडतो. एकाने तो खालून धरून हात लांब करावा, दुसऱ्याने उडवावा. सुटताच सरळ तीन-चार मीटर वर न्यावा; पाण्यालगत लाटांच्या हालचालीने त्याचे खालचे सेन्सर फसतात.

उडवण्यापूर्वी एक सेटिंग पाहाच. संपर्क तुटला की ड्रोन निघाला त्या ठिकाणी परततो. त्या ठिकाणी आता होडी नसते, पाणी असते! अशा वेळी त्याने परतण्याऐवजी हवेत थांबावे असे ठरवून ठेवावे. होडी त्याच्याकडे नेता येते. बॅटरी अगदी संपत आली की मात्र तो कुणाचे न ऐकता खाली उतरू लागतो. म्हणून निम्मी बॅटरी उरताच परत बोलवावा. कोकणात दुपारी समुद्रावरचा वारा वाढतो, तेव्हा सकाळची वेळ उत्तम.

खरी कसोटी उतरवताना. बोटे कापतात ती याच वेळी. झेलणाऱ्याने जाड हातमोजे आणि चष्मा घालावा, ओढणी किंवा सैल बाह्या जवळ नसाव्यात, मुलांना दुसऱ्या टोकाला बसवावे. ड्रोनचे तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून तो खांद्याच्या उंचीवर, होडीच्या कडेबाहेर हातभर अंतरावर थांबवावा. खाली हात नेला की सेन्सर त्याला जमीन समजतात आणि ड्रोन वर उसळतो. ही सोय आधीच बंद करावी. पोट घट्ट धरावे, मग उडवणाऱ्याने खाली आणण्याची कांडी पंखे थांबेपर्यंत दाबून धरावी. पहिल्या खेपेला जमले नाही तर वर नेऊन पुन्हा आणावा. झेलणारा कडेबाहेर झुकला तर ड्रोन गेला तरी चालेल. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर हवेच.

आखातातून येणाऱ्या भावाला ड्रोन आणायला सांगू नका: फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. जंजिऱ्यासारख्या संरक्षित किल्ल्यावर उडवायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आणि परक्या घरांच्या अंगणावरून तो नेऊ नये, तिथल्या बायकांनी कॅमेऱ्याला होकार दिलेला नसतो.

पाण्यात पडलेला ड्रोन मिळाला तर बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. खारे पाणी शिरलेली बॅटरी तासाभरानेही पेट घेऊ शकते. ती घरात न आणता बाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा.