फाईल जागची हलत नाही

“चाळीस जीबीची फाईल आहे, थेट एमव्ही मारू नकोस. आधी सीपी कर, नीट आली का बघ, मग जुनी आरएम कर.” सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींकडून नवशिक्यांना हा सल्ला इतक्या गंभीर चेहऱ्याने मिळतो की विरोध करायलाही संकोच वाटावा. त्यामागची समजूत अशी: फाईल हलवणारी एमव्ही कमांड म्हणजे पडद्याआड कॉपी (सीपी) आणि डिलीट (आरएम). फाईल जितकी मोठी तितका वेळ जास्त, आणि मध्येच वीज गेली की इथलीही गेली, तिथलीही गेली. त्यापेक्षा ही दोन कामं आपल्या हातांनी केलेली बरी.

एकाच फाईल सिस्टिममध्ये यातलं काहीही घडत नाही.

युनिक्समध्ये फाईलचं नाव फाईलमध्ये नसतंच. प्रत्येक फाईलची एक नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. फाईलचा आकार, मालक, परवानग्या, तारखा आणि मजकूर डिस्कवर कुठे आहे त्याचे पत्ते या नोंदीत असतात. नाव मात्र नसतं. नाव असतं डिरेक्टरीत, आणि डिरेक्टरी म्हणजे नावं आणि त्यांच्यासमोर आयनोडचे क्रमांक, एवढीच यादी. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये तर या यादीतली प्रत्येक ओळ मोजून १६ बाइटची होती: २ बाइट क्रमांकाला, १४ बाइट नावाला. डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांनी १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधातच स्पष्ट केलं आहे की फाईल अमुक एका डिरेक्टरीच्या आत राहत नाही, डिरेक्टरी फक्त तिच्याकडे बोट दाखवते. म्हणजे ही काही कालपरवाची सुधारणा नव्हे.

एमव्ही बदलते ती ही यादी. सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून शेत उचलून दुसरीकडे नेत नाहीत, तसंच. चाळीस जीबी असो की चार बाइट, काम तेवढंच. विश्वास बसत नसेल तर एलएस -आय लावून फाईलचा आयनोड क्रमांक बघा, एमव्ही करा, नव्या नावाचा क्रमांक पुन्हा बघा. तोच असेल. या तपासणीला अर्धं मिनिट लागतं, तरी चाळीस जीबी दोनदा लिहिणारे लोक ती करत नाहीत, हे मला खरंच कळत नाही.

वीज जाण्याच्या भीतीला मात्र जुना आधार आहे. सुरुवातीच्या युनिक्सवर नाव बदलण्यासाठी स्वतंत्र सिस्टिम कॉल नव्हता. आधी नवं नाव जोडायचं, मग जुनं काढायचं. नव्या नावाची फाईल आधीच असेल तर तिला सर्वांत आधी घालवायचं. या पायऱ्यांच्या मध्ये यंत्र बंद पडलं तर घोळ होई. १९८३ च्या ४.२ बीएसडीने रिनेम हा एकच कॉल आणून ती फट बुजवली. आज पॉझिक्स मानकाचीही तीच अट आहे: नव्या नावाची फाईल आधीपासून असेल, तर बदल चालू असताना त्या नावाने एक तर जुनी फाईल दिसली पाहिजे किंवा नवी. ते नाव मध्येच नाहीसं होता कामा नये.

उलट तो ‘सुरक्षित’ सल्लाच नुकसान करतो. जागा दुप्पट लागते. साध्या सीपीने फाईलची तारीख आजची होते, रूट म्हणून केली तर मालकही रूट होतो, आणि फाईलला दुसरीकडून हार्ड लिंक असेल तर ती जुन्या आयनोडलाच चिकटून राहते. मग दोन दिवसांनी “बॅकअप स्क्रिप्ट का अडकली?” म्हणून शोधाशोध.

आता या समजुतीतला खरा भाग. जुनी जागा आणि नवी जागा वेगवेगळ्या फाईल सिस्टिमवर असतील, तर यादीतली ओळ बदलून भागत नाही, कारण आयनोड क्रमांक त्या त्या फाईल सिस्टिमपुरताच असतो. कर्नल रिनेम नाकारतो आणि एमव्ही निमूटपणे कॉपी करून मूळ फाईल पुसते. सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये हे उणिवांच्या सदरात कबूल केलेलं आहे. पेन ड्राइव्ह, नेटवर्कवरची डिस्क, इतकंच काय, एकाच डिस्कचे दोन पार्टिशन, सगळीकडे हेच. इथे आधी कॉपी आणि मग खात्री हा सल्ला शंभर टक्के योग्य आहे. दोन्ही मार्गांवर डीएफ चालवली की फाईल सिस्टिम एक की दोन ते लगेच कळतं. तेवढं बघा आणि मग सल्ला द्या.

थोडं शिकलेल्यांचा गैरसमज याच्या बरोबर उलट असतो: एमव्ही अणुवत आहे, एक तर पूर्ण होते किंवा मुळीच नाही, म्हणजे काही बिघडूच शकत नाही. ते तात्पुरती फाईल /टीएमपी मध्ये लिहितात आणि शेवटी एमव्हीने /होम मध्ये आणतात. फेडोरासारख्या वितरणांत /टीएमपी मेमरीतली वेगळी फाईल सिस्टिम असते, म्हणजे पुन्हा कॉपीच. तात्पुरती फाईल अंतिम फाईलच्या शेजारीच लिहावी. शिवाय नाव बदलणं अणुवत असलं तरी मजकूर डिस्कवर पोचल्याची ती हमी नव्हे. २००९ च्या सुरुवातीला लिनक्सची एक्स्ट४ ही फाईल सिस्टिम नवी असताना यंत्र अचानक बंद पडल्यावर लोकांना आपल्या सेटिंगच्या फाईली शून्य बाइटच्या झालेल्या दिसल्या. नवं नाव डिस्कवर पोचलं होतं, मजकूर अजून मेमरीतच होता. एक्स्ट४ चे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की प्रोग्रॅमनी आधी एफसिंक करून मजकूर डिस्कवर उतरवायला हवा. ते बरोबर होतं, पण प्रोग्रॅम ऐकणार नाहीत हेही उघड होतं. शेवटी २.६.३० कर्नलमध्ये अशा रिनेमच्या वेळी मजकूर आधी लिहून घेण्याची सोय एक्स्ट४ मध्येच करावी लागली.

लॉग फाईलचं कोडंही याच मुळातून येतं. चालू सर्व्हरची लॉग फाईल दुसऱ्या नावाने हलवली तरी सर्व्हर त्याच फाईलीत लिहीत राहतो, कारण त्याने धरून ठेवलेला असतो आयनोड. त्याला फाईल नव्याने उघडायला सांगावं लागतं. “नाव बदललं तरी जुनीच फाईल वाढतेय” ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आता थेट वरचा तिसरा परिच्छेद वाचायला लावणार आहे.

बाकीचे गैरसमज भराभर.

“एमव्ही आधी विचारते.” नाही, ती त्या नावाची जुनी फाईल मुकाट्याने उडवते. रेड हॅटच्या घराण्यात रूटसाठी एमव्हीला -आय जोडणारं टोपणनाव आधीच ठेवलेलं असतं, त्यावर हात बसलेले लोक दुसऱ्या यंत्रावर फसतात. विचारायला हवं असेल तर -आय, जुनीला हातच लावायचा नसेल तर -एन.

“एमव्ही *.टीएक्सटी *.बीएके केलं की सगळ्यांची नावं बदलतात.” ही डॉसची सवय. तिथे रेन कमांड स्वतः तारका वाचते. युनिक्समध्ये तारका आधी शेल सोडवतं आणि एमव्हीला फक्त नावांची रांग मिळते. बहुतेक वेळा ती चूक दाखवून थांबते. पण फोल्डरमध्ये नेमकी एक टीएक्सटी आणि एकच बीएके असेल, तर पहिली दुसरीच्या जागी जाऊन बसते आणि तुमचा बॅकअप गेला. यासाठी फॉर लूप वापरा. रिनेम नावाची कमांडही आहे, पण डेबियनमधली पर्लची आणि रेड हॅटमधली वेगळीच, त्यामुळे एकीकडची ओळ दुसरीकडे चालत नाही.

“रीड-ओन्ली केलेली फाईल कुणी हलवू शकत नाही.” परवानगी लागते ती डिरेक्टरीत लिहिण्याची. /टीएमपी मध्ये सगळ्यांनाच लिहिता येतं, तरी इतरांच्या फाईली सुरक्षित राहतात त्या स्टिकी बिटमुळे.

“पीएनजीचं जेपीजी केलं की चित्र बदलतं.” नाव बदलतं. चित्र पीएनजीच राहतं, फाईल ही कमांड चालवून बघा.

“मराठी नावं कमांड लाईनवर चालत नाहीत.” लिनक्स कर्नलला नावात फक्त तिरकी रेघ आणि शून्य बाइट चालत नाही, बाकी सगळं चालतं. अडचण असलीच तर लांबीची आहे. एक्स्ट४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना, वेलांटी आणि हलन्त धरून. ‘कार्यक्रमपत्रिका’ एवढा एक शब्दच ४८ बाइट होतो, त्यामुळे पूर्ण वाक्याएवढी नावं देणाऱ्यांना ८५ चिन्हांवर थांबावं लागतं.